बोर्ग हे आडनाव कुठून आले? माल्टातील घराण्याचा माग काढण्याची रीत

माझी भाची मेलबर्नला असते. तिच्या सासरचे लोक माल्टा बेटावरून तिकडे गेलेले, आणि त्यांचे आडनाव बोर्ग. मुलगी झाल्यावर तिने मला फोनवर विचारले, "मावशी, हे बोर्ग म्हणजे नक्की काय गं? मोठी झाल्यावर हिने विचारले तर काय सांगू?" तोवर तिने स्वतः थोडी शोधाशोध केली होती. एका ठिकाणी हे आडनाव अरबी असल्याचे, दुसऱ्या ठिकाणी इटालियन असल्याचे आणि तिसऱ्या ठिकाणी चक्क स्वीडनमधले असल्याचे तिला वाचायला मिळाले होते. मी अनेक वर्षे मोडी कागद वाचण्यात घालवली असल्यामुळे जुन्या दफ्तरांची मला सवय आहे. माल्टाची दफ्तरे मात्र माझ्यासाठी नवी होती, आणि त्यांच्यातून वाट काढताना जे हाती लागले ते अशा शोधाला बसणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून इथे क्रमाने मांडत आहे. उदाहरण बोर्गचे आहे, परंतु झामित, कामिल्लेरी, फारुजा, मिकालेफ, ग्रेक अशा कोणत्याही माल्टीज आडनावाला हीच पद्धत लागू पडते.

सुरुवातीलाच दोन कोरे कागद घ्यावेत. एकावर लिहावे, 'शब्द कुठून आला?' आणि दुसऱ्यावर, 'घराणे कुठून आले?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे आहेत. पाटील हा शब्द कसा तयार झाला हे कळले म्हणून अमुक पाटील घराणे मूळचे कोणत्या गावचे हे कळत नाही, आणि सगळे पाटील एका मूळपुरुषाचे वंशज ठरत नाहीत, हे आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. परक्या आडनावाची गोष्ट आली की मात्र हेच भान सुटते आणि शब्दकोशातली एक ओळ वाचून माणसे घराण्याचा इतिहास रचू लागतात. शोध संपेपर्यंत एका कागदावरचा पुरावा दुसऱ्या कागदावर उतरू देऊ नये.

घरापासून सुरुवात

पहिला आठवडा कोणतेही दफ्तर न उघडता घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून घालवावा. माल्टात थोडकी आडनावे फार मोठ्या लोकसंख्येत वाटली गेली आहेत, आणि बोर्ग तर तिथल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. त्यामुळे गावात नुसत्या आडनावाने कोणाचीच ओळख पटत नाही. म्हणून प्रत्येक घराला एक पडनाव असते. माल्टीज भाषेत त्याला 'लाआम' म्हणतात. ते कधी आजोबांच्या धंद्यावरून पडलेले असते, कधी शरीराच्या एखाद्या खुणेवरून, तर कधी एखाद्या आजीच्या नावावरून. सरकारी कागदांत ते क्वचितच येते, म्हातारी माणसे गेली की त्यांच्याबरोबर जाते, आणि एकाच गावातली बोर्गांची दहा घरे वेगळी ओळखायला त्याच्याइतका भरवशाचा धागा दुसरा नसतो. त्यामुळे पहिला प्रश्न 'आडनावाचा अर्थ काय' हा न विचारता 'गावात तुमच्या घराला काय म्हणायचे' हा विचारावा.

त्यानंतर गावाचे नाव, चर्चचे नाव, आणि प्रत्येक पिढीतल्या स्त्रीचे माहेरचे आडनाव विचारून घ्यावे. तिसऱ्या गोष्टीला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. त्याचे कारण पुढे येईल. घरात जुनी प्रार्थनापुस्तके असतील तर त्यांची पाने हलक्या हाताने उलटून पाहावीत. माल्टात माणूस वारला की त्याच्या स्मरणार्थ छोटी चित्रे छापून वाटण्याची रीत आहे. एका बाजूला संताचे किंवा येशूचे चित्र असते आणि दुसऱ्या बाजूला मृताचे नाव, मृत्यूची तारीख, बहुधा वय आणि कधी छायाचित्रही असते. भाचीच्या सासूबाईंच्या पुस्तकात अशी अकरा चित्रे निघाली. कडा पिवळ्या पडलेल्या, एकाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले गावाचे नाव. त्या एका नावाने आमचे कित्येक महिन्यांचे काम वाचवले.

स्थलांतरित कुटुंबांना आणखी एक सोय असते. माल्टा आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात १९४८ साली प्रवासखर्चात मदत देण्याचा करार झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत हजारो माल्टीज कुटुंबे जहाजाने मेलबर्न आणि सिडनीला पोहोचली. मेलबर्नच्या सनशाइन आणि सेंट ऑल्बन्स या भागांत त्यांची वस्ती आजही दाट आहे. या लोकांचे कागद ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि निघतानाचे पासपोर्टचे अर्ज माल्टाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, म्हणजे रबात गावातल्या सांतो स्पिरितो या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत सापडतात. एकोणिसाव्या शतकात ट्युनिशिया, अल्जीरिया किंवा इजिप्तला गेलेल्या माल्टीज घराण्यांचा शोध घेताना मात्र नावांच्या फ्रेंच स्पेलिंगची तयारी ठेवावी लागते.

पिढ्यांची शिडी: आधी लग्ने, मग बारसी

माल्टात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १८६३ पासूनची मिळते. त्यामागे जायचे तर चर्चच्या नोंदवह्यांकडे वळावे लागते. कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, धर्मगुरूला लग्नांची वही ठेवणे बंधनकारक केले आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममातांची नावे लिहून ठेवण्याचा दंडक घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या नोंदी आणि घरोघरच्या माणसांच्या याद्या यांचीही भर घातली. माल्टाच्या अनेक पॅरिशांत या वह्या चांगल्या टिकल्या आहेत.

नवशिके लोक सहसा बाप्तिस्म्यापासून बाप्तिस्म्याकडे जातात. तसे करू नये. लग्नाच्या नोंदीकडून लग्नाच्या नोंदीकडे जावे, कारण नीट ठेवलेल्या लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू या दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, त्यांपैकी कोण वारले आहे हे लिहिलेले असते आणि दोघांची पॅरिशही दिलेली असते. म्हणजे एका नोंदीतून एकदम दोन पायऱ्या वर चढता येतात. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये लागत असे. वराच्या गावच्या वहीत लग्न सापडले नाही तर निराश न होता शेजारच्या गावांच्या वह्या पाहाव्यात. बेट लहान आहे, गावे एकमेकांना लागून आहेत, आणि आजोबा दोन मैल पलीकडच्या गावची मुलगी करून आले एवढेच त्या कोड्याचे उत्तर असू शकते.

या वह्यांची भाषा मुख्यतः लॅटिन आहे, पण घाबरण्याचे कारण नाही, कारण मजकूर ठरीव साच्यातला असतो आणि वीस-पंचवीस शब्द ओळखता आले की काम भागते. बाप्तिस्म्याची नोंद बहुतेक वेळा 'एगो', म्हणजे 'मी', या शब्दाने सुरू होते. मग धर्मगुरूचे नाव, मग 'बाप्टिझावी', म्हणजे 'बाप्तिस्मा दिला', मग बाळाचे नाव, मग 'एक्स' या छोट्या शब्दानंतर आईवडिलांची नावे आणि शेवटी 'पात्रिनी' या शब्दाजवळ धर्मपिता-धर्ममाता. लॅटिनमध्ये नावांनाही विभक्ती लागते हे ध्यानात ठेवावे. मराठीत रामाचा, रामाने, रामाला ही एकाच नावाची रूपे आहेत, तशी योसेफुस, योसेफी, योसेफो ही एकाच माणसाची नावे आहेत, आणि घरात त्याच माणसाला जुझेप्पी म्हणत असत. मोडी वाचणाऱ्यांना संक्षेपचिन्हांची सवय असते. इथेही तोच सराव कामाला येतो. नावाआधी 'क्वोन्दाम' हा शब्द किंवा त्याचा संक्षेप दिसला तर तो माणूस त्या दिवसापूर्वी वारलेला आहे असे समजावे. आपल्याकडे 'कैलासवासी' लिहितात तसाच हा वापर आहे, आणि मृत्यूची नोंद हरवली असेल तेव्हा मृत्यूचा काळ ठरवायला हा एक शब्द पुरतो.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे, कारण बोर्गसारख्या आडनावात ती कोणाकडूनही होऊ शकते. मला योसेफचा मुलगा योसेफ बोर्ग हवा होता. गाव बरोबर होते, काळ बरोबर होता, वडिलांचे नाव बरोबर होते, म्हणून मी ती नोंद जोडून टाकली आणि त्यावर आणखी तीन पिढ्या उभ्या केल्या. पुढे दुसऱ्या एका नोंदीत आईचे माहेरचे आडनाव जुळेना. वही पुन्हा तपासली तेव्हा त्याच गावात, दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेले, योसेफचेच मुलगे असलेले दोन योसेफ बोर्ग निघाले. तीन पिढ्या खोडाव्या लागल्या. तेव्हापासून माझा नियम असा आहे की मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आईचे माहेरचे आडनाव या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज कोणतीही नोंद जोडायची नाही. माल्टाच्या चर्चच्या वह्यांत स्त्रीचे माहेरचे आडनाव पुष्कळदा लिहिलेले असते, आणि अशा एकसारख्या नावांच्या गर्दीत खरी वाट तेच दाखवते.

आणखी एक दफ्तर फार लोकांच्या लक्षात येत नाही. कॅथॉलिक चर्चच्या जुन्या नियमानुसार चौथ्या पायरीपर्यंतच्या नातेवाइकांना आपसांत लग्न करायचे असेल तर खास परवानगी घ्यावी लागे. लहान बेटावर अशा परवानग्या वारंवार मागितल्या गेल्या. त्या अर्जांसोबत नाते कुठे जुळते हे दाखवण्यासाठी वंशवृक्ष काढून दिलेला असतो आणि साक्षीदारांच्या जबान्याही असतात. घराण्याच्या वह्यांत खंड पडला असेल तर असा एक अर्ज चार पिढ्या एकदम हाती देऊन जातो. माल्टातली चर्चची कितीतरी हस्तलिखिते १९७३ पासून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररी या संस्थेने छायांकित केली आहेत. ज्यांना माल्टाला जाणे शक्य नाही त्यांनी शोध तिथून सुरू करावा.

वह्या संपल्यावर

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचलो की चर्चची शिडी संपत येते. त्यापुढे नोटरींची दफ्तरे आहेत, आणि माझ्या मते माल्टाचा खरा खजिना तोच आहे. राजधानी वालेत्ता येथील नोटरी अभिलेखागारात पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे खरेदीखत, हुंडापत्र, मृत्युपत्र, भाडेपट्टे असे दस्त आहेत. हुंडापत्रात शेताचे नाव येते, शेजाऱ्याचे नाव येते, कधी भांड्याकुंड्यांची यादीही येते. या दफ्तरांत काय दडलेले असू शकते याचे उदाहरण म्हणजे 'इल-कांतिलेना' ही माल्टीज भाषेतली आज ठाऊक असलेली सर्वांत जुनी कविता. ती १९६६ मध्ये इतिहासकार गॉडफ्री वेटिंगर आणि धर्मगुरू मिकीएल फ्सादनी यांना सापडली ती ब्रान्दानो काशारो या नोटरीच्या दस्तांच्या वहीत. कविता होती त्याच घराण्यातल्या पिएत्रु काशारोची.

या दस्तांच्या तारखा वाचताना सावध राहावे. त्यांत साल सांगताना 'इन्दिक्शन' ही पंधरा वर्षांच्या चक्रातली संख्याही दिलेली असते, आणि सिसिली व माल्टात हे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होत असे. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांतला दस्त चुकीच्या वर्षात टाकण्याची चूक सहज होते. शके आणि सन यांचा मेळ घालताना चैत्राआधीच्या तीन महिन्यांत जी तारांबळ उडते, तशीच ही.

त्याहून मागे गेल्यावर १४१९-२० ची यादी भेटते. लष्करी सेवेला बांधील असलेल्या पुरुषांची ही गावोगावची नोंद आहे आणि वेटिंगर यांनीच ती प्रसिद्ध केली. आज माल्टात रुळलेली कितीतरी आडनावे या यादीत सहाशे वर्षांपूर्वीच हजर दिसतात. एखादे आडनाव सेंट जॉनच्या सरदारांबरोबर, म्हणजे १५३० मध्ये बेटावर आलेल्या ख्रिस्ती लढवय्या संघाबरोबर, आले असे कोणी सांगत असेल तर ते पडताळण्याची जागा हीच. यादीत नाव त्याआधीच असेल तर ती कथा तिथल्या तिथे संपते.

गोझो या शेजारच्या बेटावरचे मूळ असेल तर मात्र एक मोठी दरी आडवी येते. जुलै १५५१ मध्ये ओटोमन आरमाराने गोझोवर हल्ला केला आणि किल्ल्यात आसरा घेतलेली जवळजवळ सारी प्रजा, म्हणजे सुमारे पाच हजार माणसे, गुलाम म्हणून नेली. पुढे माल्टा आणि सिसिलीतून नवी माणसे तिथे येऊन वसली, काहीजण खंडणी भरून परतले. गोझोतले घराणे 'अनादी काळापासून तिथलेच' असल्याचा दावा १५५१ च्या अलीकडेच बहुधा अडतो, आणि तिथे अडल्याचे स्पष्ट लिहावे. हातात नसलेल्या पिढ्या कल्पनेने भरून काढू नयेत.

आता शब्दाकडे

पहिल्या कागदाकडे, म्हणजे शब्दाकडे, मी इतक्या उशिरा वळते त्याचे कारण असे की जुन्या नोंदींतली रूपे हाती असल्याखेरीज व्युत्पत्तीवर बोलण्यात अर्थ नाही. प्रत्येक नोंदीतले आडनाव जसे लिहिले आहे तसेच, सालासह आणि कोणत्या भाषेतल्या कागदात ते आले आहे याच्या उल्लेखासह, एका तक्त्यात उतरवावे. माल्टीज वर्णमाला १९२० च्या दशकात ठरली आणि भाषेला राजभाषेचा दर्जा १९३४ मध्ये मिळाला. तोपर्यंत कारकून आपापल्या सवयीने, बहुतांशी इटालियन पद्धतीने लिहीत. म्हणून शिबेर्रास हे एकच आडनाव दोन निरनिराळ्या स्पेलिंगांनी आजही चालते. ज्या टेकडीवर १५६६ पासून वालेत्ता शहर बांधले गेले तिचेही नाव तेच आहे. टेकडीचे नाव घराण्याला मिळाले की घराण्याचे टेकडीला, हा प्रश्न अशा तक्त्याशिवाय हातात घेताच येत नाही.

बोर्गसाठी दोन मुख्य वाटा सांगितल्या जातात. पहिली अरबी 'बुर्ज', म्हणजे मनोरा. हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही, कारण आपल्या किल्ल्यांचा बुरूज त्याच अरबी शब्दातून, फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला आहे. अरबांनी माल्टा ८७० मध्ये जिंकले आणि बेटावरची आजची भाषा त्या काळात सिसिलीत व माल्टात बोलल्या जाणाऱ्या अरबीतूनच वाढली. माल्टीजमध्ये 'बोर्ज' हा शब्द जिवंत आहे आणि त्याचा अर्थ दगडांचा ढीग असा होतो. बिरझेब्बुजाजवळचे बोर्ज इन-नादुर हे कांस्ययुगीन स्थळ त्यावरूनच ओळखले जाते. दुसरी वाट इटालियन 'बोर्गो'ची, म्हणजे तटबंदीलगतची वस्ती. हाही शब्द बेटावर जिवंत आहे. सेंट जॉनच्या सरदारांनी १५३० मध्ये जिथे मुक्काम केला ते बिर्गू हे बंदराकाठचे गाव 'बोर्गो'चेच माल्टीज रूप आहे. म्हणजे दोन्ही शब्द त्याच लहान बेटाच्या भूमीवर, गावांच्या आणि जागांच्या नावांत, आजही समोर उभे आहेत, आणि आडनाव दोन्हींपैकी कशावरूनही पडलेले असू शकते.

गंमत अशी की या दोन वाटाही फार मागे जाऊन एकमेकींजवळ येतात. अरबी 'बुर्ज' मागे उत्तरकालीन लॅटिनमधला 'बुर्गुस' किंवा ग्रीक 'पिर्गोस' असावा असे अभ्यासक मानतात, आणि इटालियन 'बोर्गो' त्याच लॅटिन 'बुर्गुस'मधून आला. 'अरबी की युरोपीय' या प्रश्नावर माणसे हमरीतुमरीवर येतात, त्या प्रश्नाचे दोन्ही पक्ष मुळाशी एकाच भूमध्यसागरी शब्दाजवळ पोहोचण्याची दाट शक्यता आहे. स्वीडनमधला 'बोर्ग' जर्मानिक शब्दकुळातला असून त्या आडनावाचा माल्टातल्या घराण्यांशी काहीही संबंध लागत नाही. टेनिसपटू ब्यॉर्न बोर्गला कोणी वंशवृक्षात ओढू नये.

निर्णयाच्या जवळ जायचे तर कानाने ऐकावे. माल्टीज भाषेत शब्दाच्या शेवटी येणारे घोष व्यंजन अघोष होते, म्हणजे 'ग'चा 'क' आणि 'ज'चा 'च' ऐकू येतो. बुटिजिच हे आडनाव अमेरिकी राजकारणामुळे जगभर पोहोचले. त्याची फोड अरबी 'अबू' आणि 'दजाज', म्हणजे 'कोंबड्यांचा बाप', कोंबड्या पाळणारा किंवा विकणारा, अशी केली जाते. मुळात शेवटी 'ज' आहे, पण उच्चार 'च' होतो. याच नियमाने दगडांच्या ढिगाला माल्टीज माणूस प्रत्यक्षात 'बोर्च' म्हणतो. आडनावाचा उच्चार मात्र 'बोर्क' असा होतो. भाचीच्या सासूबाईंनी हा शब्द फोनवर उच्चारला तेव्हा मी तो तीनदा म्हणायला लावला, आणि तिन्ही वेळा शेवटी 'क' स्पष्ट ऐकू आला. 'क' मागे 'ग' असतो, 'ज' नव्हे. म्हणजे सरळ पाहता उच्चार 'बोर्गो'च्या बाजूने साक्ष देतो.

पण इथेच थांबू नये. इटालियन पद्धतीच्या लेखनात शब्दाच्या अगदी शेवटी 'ज' दाखवण्याची सोय नाही. तिथे लिहिलेला तो वर्ण वाचणारा 'ग'च वाचणार. घराण्याचे नाव पूर्वी 'बोर्ज' असेल, कारकुनाने ते तसे लिहिले असेल आणि पुढच्या पिढ्यांनी कागदावरचे वाचून 'बोर्ग' म्हणायला सुरुवात केली असेल, हेही पूर्णपणे शक्य आहे. शाळेच्या दाखल्यावर चुकीचे पडलेले आडनाव पुढच्या पिढीचे खरे आडनाव होऊन बसते, ही गोष्ट आपल्याकडेही घरोघरी पाहायला मिळते. म्हणून उच्चाराचा पुरावा तक्त्यात नोंदवावा, त्याला वजन द्यावे, पण त्यावर निकाल देऊ नये.

कशाला भुलू नये

आडनावावरून वंश किंवा धर्म ठरवण्याचा मोह सर्वांत घातक असतो. अरबी शब्दातून आलेले आडनाव मुस्लिम पूर्वज सिद्ध करत नाही, कारण तेराव्या शतकात बेटावरून मुसलमानांना घालवून दिल्यानंतरही तिथल्या ख्रिस्ती लोकांची बोली अरबीच होती, आणि सिसिलीतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचीही आडनावे अरबी असू शकत. उलट, इटालियन दिसणारे आडनाव इटलीतला पूर्वज सिद्ध करत नाही. अझोपार्दी या आडनावाचा संबंध 'सेफार्दी', म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या, ज्यूंशी जोडला जातो. १४९२ मध्ये सिसिलीबरोबर माल्टातूनही ज्यूंना बाहेर काढले गेले हे खरे असले, तरी ध्वनींच्या साम्यावरून एखाद्या घराण्याला ज्यू ठरवता येत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या गुलामांना मालकाचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळण्याचे प्रसंगही माल्टात घडले. गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मांतरितांना धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे पोर्तुगीज आडनाव मिळाले, आणि म्हणून गोव्यातला प्रत्येक फर्नांडिस पोर्तुगीज वंशाचा ठरत नाही. ज्याला हे ठाऊक आहे त्याने माल्टातही हाच विवेक ठेवावा.

जुने विद्वान काय म्हणतात ते वाचताना ते कोणत्या काळात लिहीत होते हे पाहावे. जियान फ्रान्चेस्को आबेला यांनी १६४७ मध्ये माल्टाचे वर्णन करणारा मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा बेटाची ख्रिस्ती परंपरा अखंड असल्याचे दाखवणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. १७५० मध्ये आजियुस दे सोल्दानिस यांनी माल्टीज ही प्युनिक, म्हणजे कार्थेजवासीयांची भाषा असल्याचे मांडले. अरबांशी असलेले नाते नाकारण्याची ओढ या मांडणीमागे होती. त्यांच्या ग्रंथांतली माहिती जरूर घ्यावी, निष्कर्ष मात्र तपासून घ्यावेत.

आडनावावरून मानचिन्हाची छापील ढाल विकणाऱ्यांकडून काही घेऊ नये. मानचिन्ह एखाद्या व्यक्तीला किंवा तिच्या वंशाला दिलेले असते, आडनावाला नव्हे. बोर्गांच्या ढालीवर मनोरा दिसला तरी तो पुरावा होत नाही; नावाच्या अर्थावरून किंवा ध्वनीवरून चित्र निवडण्याची रीत युरोपात सर्रास होती, म्हणजे नावाचा अर्थ कोणीतरी आधीच 'मनोरा' असा लावला एवढेच त्यावरून कळते. डीएनए चाचणीबद्दलही असेच म्हणता येईल. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जाते, त्यामुळे दोन बोर्ग पुरुषांचा समान पूर्वज साधारण किती पिढ्यांमागे असावा याचा अंदाज त्यावरून बांधता येतो आणि दुसऱ्या कागदाला त्याची चांगली मदत होते. पहिल्या कागदाला मात्र तिचा उपयोग शून्य, कारण शब्द अरबी की लॅटिन हे रक्तात लिहिलेले नसते.

निष्कर्ष कसा लिहावा

शोध जिथे थांबतो तिथे निष्कर्ष एका पानात लिहावा, आणि प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या कागदावर उभे आहे हे नोंदवावे. 'सिद्ध', 'संभाव्य' आणि 'घरातली सांगणूक' असे तीन शिक्के मला पुरतात. घरातली सांगणूक टाकून देऊ नये. ती कोणी, कोणत्या साली, कोणाकडून ऐकून सांगितली हे लिहून ठेवावे, कारण पुढे एखादा दस्त सापडला तर तिचा अर्थ लागू शकतो. पेन्सिलीने लिहावे आणि पानाखाली तारीख घालावी.

भाचीला पाठवलेल्या पानावर मी एवढेच लिहिले आहे: घराणे अमुक गावचे, अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या पिढ्या लग्नाच्या नोंदींवरून सिद्ध. पडनाव सासूबाईंच्या सांगण्यावरून, एका स्मरणचित्रावरून संभाव्य. त्यापूर्वी घराणे याच गावात होते की बाहेरून आले, हे खुले. शब्द 'बुर्ज' किंवा 'बोर्गो', दोन्ही वाटा खुल्या. आजचा उच्चार 'बोर्गो'कडे झुकतो, लेखनपद्धतीमुळे तो निर्णायक नाही. पुढचे काम: त्या गावाशी संबंधित सतराव्या शतकातली हुंडापत्रे.

भाचीने ते पान छापून घेतले आणि सर्वांत खालच्या ओळीत मुलीचे नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली, गाव मेलबर्न लिहिले, आणि माल्टाच्या वह्यांत असते तसे शेवटी आईचे माहेरचे आडनावही लिहिले.